कुरवाळलेल्या घेवड्याचं काय झालं

काडीबाई हे नाव त्यांना प्रयोगशाळेनंच बहाल केलं होतं, कारण गेली चार वर्षं बाई झाडांच्या खोडांपलीकडे कशाकडे बघतच नव्हत्या. पाणी तोडलं की रोप आपल्या खोडात लिग्निन भरतं, म्हणजे खोड लाकडासारखं कडक करणारं द्रव्य. ते नेमकं किती भरतं, हे त्यांना मोजायचं होतं. घेवड्याच्या चाळीस कुंड्या होत्या. वीस तहानलेल्या, वीस पोटभर प्यायलेल्या. प्रयोग दोनदा फसला होता. तिसऱ्यांदा फसला तर काम बंद, असं विभागप्रमुखांनी बजावलं होतं, आणि ते गृहस्थ थट्टा करणाऱ्यांतले नव्हते.

या खेपेला खोडं वाळवली, दळली, मोजली आणि काडीबाईंचे डोळेच पांढरे झाले. तहानलेली रोपं कडक होती, ते ठीक. पण जी मऊ लुसलुशीत निघायला हवी होती, ती पाणी प्यायलेली वीस रोपं त्यांच्याहून कडक! वर बुटकीही.

"खत जास्त पडलं का?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही सर."

"ऊन? वारा?"

"सगळ्यांना सारखंच."

"मग या विसांना वेगळं काय केलंत?"

काडीबाईंनी नोंदवहीत डोकं खुपसलं. बाटल्या विसळणाऱ्या मदतनीस काकांना मात्र गप्प राहणं कधी जमलंच नाही. "सांगून टाका ना बाई! रोज सकाळ-संध्याकाळ कुरवाळत होता की. तहानलेल्यांकडे बघवत नाही म्हणून सगळी माया इकडेच."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. एवढ्या शिकलेल्या बाईनं घेवड्याचे लाड करावेत! पण आता लपवणार काय? "खालून वरपर्यंत बोट फिरवायचे, सर. प्रत्येकाला दहादा. आणि... बोलायचेही."

प्रमुखांनी एक उरलेलं खोड वाकवून पाहिलं. ते काही केल्या वाकेना.

"छळलंत हो त्यांना," ते म्हणाले. "लाड चाललेत की वादळ आलंय, हे झाडाला काय कळणार? रोज कुणी हलवलं की ते कंबर कसतं. काम बंद नाही, वाढवू. तहान आणि कुरवाळणं वेगवेगळं मोजा. बोलणं मात्र बंद. त्याच्यासाठी निराळ्या कुंड्या लावा."

काडीबाईंचा जीव भांड्यात पडला. "पण त्यांच्याशी बोलणार कोण, सर? मला हात लावल्याशिवाय बोलताच येत नाही."

प्रमुखांनी काकांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते मी बघतो."