धाकटीचा डबा

घरच्या शिवण-कारखान्याची वेबसाइट थोरल्या सुनेने बांधली होती, आणि ती धड चालायची फक्त तिच्याच लॅपटॉपवर. दुसऱ्या कुणी हात लावला की मोडायची. मग दीर हाक मारायचा, "वहिनी, जरा बघता का?" त्या हाकेवर थोरली सहा वर्षं मिरवत होती.

मग धाकटी जाऊ आली. म्हणाली, "ताई, साइटला काय काय लागतं ते एका फाईलमध्ये लिहून कंटेनर करू. कुणाच्याही लॅपटॉपवर उभी राहील."

"म्हणजे डबाच की," सासूबाई म्हणाल्या. "भरला, झाकण लावलं, कुठंही नेऊन उघडा."

"अगदी तसंच, आई."

सहा वर्षांत थोरलीचं काम सासूबाईंना एकदाही कळलं नव्हतं, आणि हिचं एका वाक्यात.

डबा दिराच्या लॅपटॉपवर उघडला. साइट उभी राहिली. तिच्यावरून गिऱ्हाइकाच्या मापांची चिठ्ठी छापली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

कारखान्यात कापड बेतणाऱ्या मास्तरांनी चष्मा वर केला. "ही छाती-कंबर आहे की फरशी?"

थोरलीने तेव्हाच ओळखलं. मराठी अक्षरांचा फॉन्ट. तो तिने फार पूर्वी आपल्या लॅपटॉपवर हाताने टाकला होता, लिहिला कुठेच नव्हता. ती गप्प राहून चहा प्यायली. इतका गोड चहा तिला कित्येक दिवसांत लागला नव्हता.

धाकटी दोन दिवस डोकं खपवत बसली, पण विचारायला आली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कुठलासा फॉन्ट शोधून घातला. चिठ्ठी आली. जोडाक्षरं मोडलेली, वेलांट्या अक्षरांपासून रुसून लांब उभ्या.

मास्तरांनी वाचली. "चालेल. मापं कळतात."

चालेल? थोरलीला वाटलं होतं, आपल्यावाचून अडेल. इथे तर लोक लंगड्या अक्षरांवरही खूश होते.

ती उठली. "सरक जरा." आपल्या फॉन्टची फाईल डब्यात ठेवली, धाकटीच्या फाईलमध्ये एक ओळ लिहिली, डबा नव्याने उभा केला. चिठ्ठी आली ती मोत्यासारखी.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

धाकटी हसली नाही, रागावलीही नाही. "फाईलच्या माथ्यावर करणाऱ्याचं नाव आहे. तुमचंही घालू?"

"घाल," थोरली म्हणाली. "पण तुझ्या वर."