पाचशे चव्वेचाळीस यार्ड

दर ऑगस्टात हॅलोरन कॉलेज आपल्या फुटबॉल संघाच्या आजवरच्या विक्रमांची निळ्या कव्हरची पुस्तिका छापायचं, आणि कुचेरांच्या घरी ती टेलिव्हिजनवर, लग्नाच्या फोटोशेजारी उभी करून ठेवलेली असायची. डेनिस कुचेरा हे नाव तिच्यात सहा ठिकाणी होतं. एका सामन्यात सर्वाधिक फेकी, एका मोसमात सर्वाधिक फेकी, सर्वांत लांबची फेक, असं बरंच काही. स्टॅनली कुचेरा पोस्टमन होते. नेब्रास्कातल्या त्या उघड्या माळावर साठ मैलांच्या वाटेवरच्या घरांना ते मोटारीतून टपाल टाकत, आणि थोरल्या मुलाचे सहा आकडे ठाऊक नाहीत असं त्या वाटेवर एकही घर उरलं नव्हतं.

धाकट्या लायलचं नाव पुस्तिकेत कुठंच नव्हतं आणि यायची शक्यताही नव्हती. तो सेंटर खेळायचा. म्हणजे पुढच्या पाच जणांच्या फळीत मधोमध वाकायचं, दोन पायांमधून चेंडू मागं द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्याला रेटायला लागायचं. फट पडली की मागचा कुणीतरी चेंडू काखेत दाबून तिच्यातून पळायचा. पळणाऱ्याचे यार्ड मोजत, फेकणाऱ्याचे मोजत, झेलणाऱ्याचेही मोजत. रेटणाऱ्याचं मोजण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

शनिवारचा सामना संपला की घरी जाताना स्टॅनली हमखास विचारत, "मग? टेरेन्सचे किती झाले आज?"

टेरेन्स म्हणजे संघाचा चेंडू घेऊन पळणारा. लायल आकडा सांगे. एकदाच, तिसऱ्या वर्षी, तो म्हणाला होता, "बाबा, मी दिसतो का तरी तुम्हाला तिथं?"

"दिसतोस की. खाली वाकलेला असतोस."

आई पुढच्या सीटवर हसली होती, लायलही हसला होता, आणि विषय तिथंच मिटला होता.

सत्त्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात लायलचा शेवटचा सामना होता, शेजारच्या वेक्सली कॉलेजशी. सकाळपासून वायव्येचा वारा असा सुटला होता की सरावात हवेत फेकलेला चेंडू फेकणाऱ्याच्याच अंगावर परत येत होता. प्रशिक्षक हार्मन बोएट यांनी तो दोनदा परत येताना पाहिला आणि टोपी खाली ओढली.

"आज फेकाफेकी बंद," ते म्हणाले. "चेंडू काखेत घेऊन पायीच जायचं. पुढच्या फळीनं जेवण नीट केलंय ना?"

"दोनदा," विली टोनर म्हणाला. विली लायलच्या उजव्या हाताला उभा राहायचा. चार वर्षं दोघांचे खांदे एकमेकांना घासून त्यांच्या सदऱ्यांचा रंगसुद्धा त्या बाजूनं विटला होता.

वेक्सलीच्या फळीत लायलसमोर बेनी अर्मेंटा होता. स्कॉट्सब्लफकडचा, मानच नसलेला, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू.

"काय रे कुचेरा, तो फेकणारा भाऊ आलाय का आज?" पहिल्याच खेपेला त्यानं विचारलं.

"ओमाहात असतो. विमा विकतो."

"बरं झालं. विमा तुलाच लागेल आज."

पण तो दिवस हॅलोरनचा होता. कधीकधी पाच माणसं एकत्र ओझं उचलतात तेव्हा कुणी मोजून इशारा देत नाही, तरी सगळ्यांच्या पाठी एकाच वेळी ताठ होतात. तसं झालं होतं. लायल बेनीच्या बरगडीखाली तळवे घालायचा, विली बाजूनं येऊन धडकायचा, आणि मोटार आत जाईल एवढी फट पडायची. टेरेन्स ओडम तिच्यातून असा जायचा की मागं फक्त उडालेलं गवत दिसायचं. मध्यंतराला टेरेन्सचे एकट्याचेच एकशे एकाहत्तर यार्ड झाले होते. प्रेक्षकांत ब्लँकेटं गुंडाळून बसलेली माणसं उभी राहून त्याचं नाव घेत होती.

मध्यंतरानंतरच्या तिसऱ्याच खेपेला टेरेन्सचा घोटा मुरगळला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो लंगडत बाहेर गेला. वर, सहाव्या ओळीत, स्टॅनलींनी बायकोला म्हटलं, "संपलं. आता काय बघायचं?"

पण संपलं नाही. टेरेन्सच्या जागी आलेल्यानं पहिल्याच धावेत बावीस यार्ड काढले. त्याला दम लागला तेव्हा तिसरा आला, त्यानंही चौदा काढले. मग ड्वेन हेस आला, ज्याच्या हातात उभ्या मोसमात चेंडू पाच-सहा वेळाच पडला होता, आणि तोही पळतच सुटला. माणसं बदलत होती, फट मात्र तिथंच आणि तेवढीच पडत होती.

प्रेक्षकांच्या वर काचेच्या खोलीत बाई डीट्झ बसल्या होत्या. त्या कॉलेजात लॅटिन शिकवत आणि एकतीस वर्षं संघाचा प्रत्येक यार्ड पेन्सिलीनं टिपत. निळी पुस्तिका त्यांचीच. सामना संपायला चार मिनिटं उरली असताना त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि मैदानाकाठच्या बाकापाशी असलेला फोन वाजवला. तो त्या कधी वाजवत नसत. बोएट यांनी स्वतः उचलला, ऐकलं आणि ठेवला.

"काय म्हणाल्या बाई?" विलीनं विचारलं.

"काही नाही. आपले पायी पाचशे एकोणतीस यार्ड झालेत म्हणे. चोपन्न साली पाचशे एक्केचाळीस झाले होते. संघाचा विक्रम आहे तो."

लायलला तो आकडा पाठ होता. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, संघाच्या विक्रमांत, सगळ्यांत वरची ओळ. तिच्यासमोर कुणाचं नाव नव्हतं, नुसतं साल. लहानपणापासून तो डेनिसचं पान उघडण्याआधी ती ओळ ओलांडून जात आला होता.

"म्हणजे तेरा हवेत," तो म्हणाला.

"नकोत. पंचेचाळीस-तेरानं पुढं आहोत आपण. आता चेंडू घेऊन गुडघा टेकायचा आणि वेळ काढायचा. हरलेल्याला आणखी तुडवायचं नसतं."

"कोच, चारच मिनिटं आहेत."

बोएट यांनी वळून पाहिलं. चार वर्षांत या पोरानं त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता. "लायल, त्या पोरांच्याही आया आल्यात वर. जा, गुडघा टेकायला सांग."

लायल गेला. गोष्ट पटत नव्हती असंही नव्हतं, आणि तेच जास्त टोचत होतं. बरोबर मध्यरेषेवर दोन्ही फळ्या समोरासमोर आल्या. बेनीच्या गालावर चिखल सुकला होता, एक डोळा सुजला होता. लायलच्या मागं हॅलोरनचे गडी गुडघा टेकण्यासाठी एकमेकांना खेटून उभे राहिलेले त्यानं पाहिले.

"हे काय चाललंय?"

"कोच म्हणाले, थांबवा."

"दुपारभर माझ्या अंगावरून गाड्या हाकल्यात, आणि आता दया?"

"तसं नाही रे. तेरा यार्डांनी विक्रम होतोय. म्हणून नको म्हणाले. तुम्हाला अपमान वाटेल म्हणून."

बेनी सरळ उभा राहिला. "कसला विक्रम?"

"पायी यार्डांचा. संघाचा. तेहेतीस वर्षं झाली."

"आणि तो तुम्ही सोडून देणार? माझी कीव येते म्हणून? कुचेरा, अपमान तो हा आहे." त्यानं पंचांना हात करून खेळ थांबवायला लावला आणि ढांगा टाकत स्वतःच्या प्रशिक्षकाकडं गेला. तिथं बराच वेळ हातवारे झाले. मग वेक्सलीचे प्रशिक्षक, एक बुटके पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, कोटाच्या खिशात हात घालून मैदान ओलांडून बोएट यांच्याकडं आले.

"हार्मन, माझी पोरं म्हणताहेत खेळा."

"वॉल्ट, उगाच कशाला."

"उगाच नाही. फुकट देणार नाहीत ती, एवढं सांगून ठेवतो. पण तू असा उपकार केल्यासारखा गुडघा टेकलास तर घरी जाईपर्यंत बसमध्ये माझं डोकं खातील."

बोएट यांनी टोपी आणखी खाली ओढली. "तेरा यार्ड," शेवटी ते आपल्या गड्यांना म्हणाले. "एकही जास्त गुण नको. तेरा झाले की थांबायचं."

आता वेक्सलीचे अकराच्या अकरा जण पुढं येऊन दाटले. चेंडू हवेत जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, कुठून येणार हेही जवळजवळ ठाऊक होतं. ड्वेन पहिल्या खेपेला डावीकडून गेला, पाच यार्ड मिळाले. दुसऱ्या खेपेला उजवीकडं गेला तर तिथं भिंतच उभी होती. एक यार्ड उलटा गेला.

"या, या," बेनी म्हणाला. "आहोत इथंच."

तिसऱ्या खेपेला चार. प्रत्येक यार्ड दाताखाली खडा चावल्यासारखा. पाचशे सदतीस. आता चौथी खेप, आणि चौथी शेवटची. चार खेपांत दहा यार्ड व्हावे लागतात आणि आठच झाले होते; उरलेले दोन निघाले नसते तर चेंडूच वेक्सलीच्या हाती गेला असता, आणि विक्रमाला तर पाच हवे होते. विलीनं बोएट यांच्याकडं पाहिलं. बोएट यांनी दोन्ही तळवे जोडून सरळ पुढं नेले. मधूनच.

मधून म्हणजे लायलच्या अंगावरून.

लायल वाकला. उजव्या हाताची करंगळी केव्हाच निखळली होती, चेंडूवर ती नुसतीच टेकत होती. समोर बेनी इतका खाली बसला होता की त्याचा श्वास लायलच्या मनगटाला लागत होता.

चेंडू मागं गेला आणि दोघं आदळले. बेनी हलला नाही. लायलनं पाय मारले, माती निघाली, तरी हलला नाही. छातीतला दम संपला तेव्हा लायलला वाटलं, झालं, इथंच. मग उजवीकडून विली आला, त्याचा खांदा नेहमीच्या जागी येऊन बसला, आणि बेनीचा एक पाय मागं सरकला. मग दुसरा. डावीकडचे दोघे आत वळले. लायलच्या पाठीवर कुणाचा तरी हात टेकला, ड्वेनचा असणार, आणि तो सगळा गठ्ठा, धापा टाकत, कण्हत, एक-एक पाऊल पुढं जाऊ लागला. कोण कुठं संपतंय आणि कोण सुरू होतंय हे कळत नव्हतं. दोन यार्ड. तीन. पाच. बेनी पाठीवर पडला, लायल त्याच्यावर, विली लायलवर, आणि ड्वेन त्या सगळ्यांवरून घसरत आणखी दोन यार्ड गेला.

शिट्टी वाजली. खालून बेनी म्हणाला, "झाले का?"

"ठाऊक नाही."

"ऊठ तरी मग. मरतोय मी."

पंचांनी अंतर पाहिलं. वर काचेच्या खोलीत बाई डीट्झ यांनी पेन्सिल खाली ठेवली, निवेदकाच्या हातातून माइक घेतला आणि वर्गात धातू चालवतात त्याच सुरात बोलल्या. "पायी पाचशे चव्वेचाळीस यार्ड. संघाचा नवा विक्रम. आज चेंडू घेऊन चार जण पळाले. त्यांच्यापुढं पहिल्या खेपेपासून आत्तापर्यंत पाचच जण होते, एकही बदलला नाही. त्यांची नावं ऐका." आणि त्यांनी ती वाचली, प्रत्येकाच्या गावासकट, डावीकडून उजवीकडं. मधलं नाव लायल कुचेरा होतं. कर्ण्यातून मैदानावर आलेलं ते नाव वाऱ्यानं लांबवलं, आणि लोक त्या आवाजाच्या मागोमाग उभे राहिले. बोएट यांनी टोपी काढली. बाकावर बसलेला टेरेन्स एका पायावर उभा राहून ओरडत होता.

लायल मैदानाच्या मध्यावर हात लोंबते सोडून उभा होता. इतकी माणसं आपल्याकडं पाहताहेत तेव्हा काय करायचं असतं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विलीनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "हात वर कर, गाढवा." त्यानं केला. मग दुसराही केला.

सामना संपल्यावर स्टॅनली कुंपणापाशी आले.

"टेरेन्स गेल्यावर बघायला काही उरलं नाही असं वाटलं मला," ते म्हणाले. "मग म्हटलं, आलोच आहोत तर लायलला बघू. सबंध अर्धा सामना मी चेंडू पाहिलाच नाही. तुलाच पाहिलं." त्यांनी नाक ओढलं, वाऱ्याचं निमित्त होतंच. "दर वेळी असंच असतं का रे ते?"

"बहुतेक वेळा."

"चार वर्षं," स्टॅनली म्हणाले आणि कुंपणावरून हात घालून मुलाचं चिखलानं भरलेलं डोकं छातीशी धरलं. लोक जात-येत होते, त्यांनी सोडलं नाही.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात दोन्ही संघांना जेवण होतं. गावच्या बायकांनी मोठ्या पातेल्यांत चिली, म्हणजे मांस आणि राजम्याचा तिखट रस्सा, शिजवली होती आणि सोबत दालचिनीचे रोल, ताटाएवढे. लायलची करंगळी कामट्या बांधून सरळ केली होती, म्हणून तो डाव्या हातानं खात होता. बेनी ताट घेऊन आला आणि न विचारता त्याच्यासमोर बसला. लायलच्या आईनं त्याला एक रोल वाढला, त्यानं तो संपवून ताट पुन्हा पुढं केलं.

बाई डीट्झ चहाचा कप घेऊन बाजूनं निघाल्या होत्या. बेनीनं त्यांना थांबवलं. "बाई, तुमच्या पुस्तकात असं येईल का, की शेवटचे सात यार्ड काढताना बेनी अर्मेंटाला खाली पाडायला दोन माणसं लागली?"

"माझ्या पुस्तकात फक्त आकडे येतात, बाळ."

"आणि ती पाच नावं?"

बाईंनी कप टेबलावर ठेवला. "ती येतील," त्या म्हणाल्या. "ऑगस्टात. छापखान्याला तेवढी जागा करावी लागेल."

"दोन माणसं लागली, हे मात्र मी सांगेन सगळ्यांना," लायल म्हणाला.

"तीन म्हण," बेनी म्हणाला आणि चिलीचं पातेलं स्वतःकडं ओढलं.