धोंडीमागची खुंटी

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलात तर शेवटी काय घडलं ते नीट दिसणार नाही. एका धोंडीची गोष्ट सांगायची आहे, आणि देवावर रुसलेल्या एका बाईची. मध्ये कुठे हसू आलं तर हसा. तिथे जमलेली माणसंही हसली होती.

काकूंनी दुसरा खिळा दोन बोटांत धरला आणि हातोडी अशी हाणली, की चर्चमधली रिकामी बाकं दणाणली. पहिला खिळा वाकडा गेला होता. सुताराच्या बायकोच्या हातून खिळा वाकडा जावा, याचाही त्यांना राग आला. त्यांनी त्याच्या वाकड्या मानेवर आणखी दोन घाव घातले. खिळा सरळ झाला नाही, पण आत मात्र घुसला.

उद्या ईस्टर, येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस. व्यासपीठाशेजारी दर वर्षीसारखी त्याची कबर मांडून ठेवली होती. प्लायवूडची, वर सरसात कालवलेल्या भुशाचा थर, त्यावर राखाडी रंग. चार पावलांवरून खराखुरा खडक वाटावा अशी. तिच्या तोंडाशी लहान मुलाच्या उंचीची गोल धोंड उभी होती. तीच धोंड काकू चौकटीला ठोकून बंद करत होत्या.

"काकू! अहो, हे काय करताय?"

दारात चर्चच्या पाळकांची सून उभी होती. मुलं तिला ताई म्हणत. हातात टोपली, टोपलीत कापसाची पिवळी पिल्लं.

"दिसतंय ना? बंद करतेय."

"पण उद्या मुलांचा कार्यक्रम..."

"उद्या तुझी पिल्लं आहेत, कागदाची फुलपाखरं आहेत, रंगवलेली अंडी आहेत. भरपूर आहे की. कबर कशाला हवी कुणाला?"

ताईने टोपली बाकावर ठेवली. पुढचं बोलावं की नाही, असा तिचा चेहरा झाला, आणि ती नको तेच बोलली.

"वायरमन म्हणत होता, छोटी मोटर बसवून देतो. बटण दाबलं की धोंड सरकेल. म्हणजे कुणाला आत बसायलाच नको."

"मोटर." काकूंनी हातोडी खाली घेतली. "यांच्या जागी मोटर."

"मला तसं नव्हतं म्हणायचं, काकू."

"तुला कसं म्हणायचं होतं ते कळलं मला. तू चांगली आहेस. म्हणूनच सांगते, थोडा वेळ माझ्यासमोरून जा."

ताई गेली. टोपली राहिली. पिल्लं काकूंकडे काळ्या मण्यांच्या डोळ्यांनी बघत राहिली, तेव्हा काकूंनी टोपलीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ही कबर त्यांच्या नवऱ्याने केली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात. धोंड उतरत्या खाचेत उभी असे आणि आतून एक लाकडी खुंटी तिला अडवून धरी. खुंटी ओढली, की धोंड आपल्याच वजनाने घरंगळत बाजूला जाई. पण ओढायला आत माणूस हवा. म्हणून दर ईस्टरला मुलं येण्याआधी सुतारकाका मागच्या बिजागरीच्या फळीतून आत शिरत आणि सगळी उपासना अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसत. बाहेर काकू मुलांना गोष्ट सांगत. त्यांची सांगण्याची रीतच तशी होती, दोन वाक्यं बोलायची, तिसरं गायचं, मुलांनी ते झेलायचं. बाया पहाटे कबरेकडे निघाल्या, इथवर आलं की काकू आवाज चढवत:

"कोण लोटील धोंड, बायांनो, कोण लोटील धोंड?"

मुलं तेच गात. मग सगळे गप्प. आतून 'टक' असा आवाज. आणि धोंड सरके.

एका वर्षी टक झालंच नाही. कबरेतून घोरण्याचा आवाज यायला लागला. पाळकांनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली, काकूंनी तीच ओळ पाच वेळा गायली, शेवटच्या वेळी तर कबरेवर हात आपटून. घरी गेल्यावर म्हणाल्या, "मेलेला माणूस उठायचा होता, तुम्ही जिवंत असून उठेनात." काका हसून हसून खोकले. खोकला त्यांचा जुनाच, भुशाचा.

या थंडीत तो खोकला छातीत उतरला. आठवडाही लागला नाही.

तेव्हापासून काकू प्रत्येक रविवारी चर्चला येत होत्या. मुलांना शिकवत होत्या, गात होत्या. प्रार्थनेला मात्र डोळे मिटत नव्हत्या. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, की त्या समोरच्या क्रूसाकडे टक लावून बघत, उत्तर चुकवणाऱ्या माणसाकडे बघावं तशा.

"आता धोंड सरकणार कशी?"

काकू दचकल्या. खिडकीपाशी ठिणगी उभी होती. काकूंच्या रविवारच्या वर्गातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत भांडखोर, म्हणून हे नाव काकांनीच ठेवलं होतं. ती आपलं अंडं ठेवायला आली होती. निळं, त्यावर पिवळे पट्टे, बोटंही निळीपिवळी.

"नाही सरकणार."

"मग येशू?"

"तो काय माझ्या खिळ्यांना अडणार आहे?"

"मग तुम्ही मारलेच कशाला?"

काकूंचा आवाज चढला. "तुला कशाला पंचाइत? अंडं ठेव आणि घरी जा."

"तुम्ही कधीपासून नुसत्या ओरडताय. सगळ्यांवर."

"जा म्हणते ना!"

ठिणगीने अंडं ठेवलं नाही. फेकलं. ते धोंडीवर फुटलं, आणि राखाडी रंगावर निळ्या टरफलाचा ठिपका चिकटून राहिला. मग ती पळाली नाही. ओठ घट्ट मिटून, मान ताठ ठेवून, चालत गेली. काकूंनी ते टरफल पुसलं नाही. हातोडी व्यासपीठाच्या मागे टाकली आणि दार जोरात लावून त्या घरी गेल्या.

घरी त्यांनी पुन्हा एकदा कपाट उघडलं. आत काय आहे ते त्यांना पाठ होतं, आणि काय नाही तेही. तपकिरी स्वेटर नव्हता. त्यांनी स्वतः विणलेला, जाड, गळ्यापर्यंत बंद. गेल्या ईस्टरनंतर तो दिसलाच नव्हता. थंडी सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "स्वेटर कुठे घातलात?" काका हसून म्हणाले होते, "असेल गं कुठेतरी. पळून थोडाच जाणार आहे?" मग दुकानातला पातळ आणला. त्या पातळ स्वेटरचा, तो विकणाऱ्या दुकानदाराचा, त्या हसण्याचा, सगळ्याचा काकूंना राग होता. स्वेटर अंगात असता तर, इथपर्यंत त्यांचा विचार येई, आणि पुढे जायच्या आधी त्या कपाटाचं दार आपटत. आजही आपटलं.

रविवारी सकाळी चर्चच्या खिडक्या उघड्या होत्या. बाहेरच्या झाडांना नवी पालवी फुटली होती आणि वाऱ्याबरोबर आत येणारा तिचा वास कुणालाही आवडावा असा होता. काकू शेवटच्या बाकावर, दारालगत, हाताची घडी घालून बसल्या. आपण गाणार नाही, असं त्यांनी पाळकांना सांगून ठेवलं होतं. पाळक म्हणाले होते, "बरं." त्या 'बरं'चाही त्यांना राग आला होता. जरा तरी आग्रह करायचा.

ताईने मुलांना पुढे उभं केलं. चित्रं दाखवली. बाग, पहाट, तीन बाया. गोष्ट तिने छान सांगितली, पण गाऊन नाही. मग धोंडीला वळसा घालून ती पुढच्या चित्राकडे, उघड्या कबरेकडे, निघाली.

आणि मुलं गायला लागली.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाया कबरेकडे निघाल्या की गायचं, एवढंच त्यांना ठाऊक. सुरुवात ठिणगीने केली, नेहमीसारखी एक सूर वर.

"कोण लोटील धोंड, बायांनो, कोण लोटील धोंड?"

मग सगळी गप्प झाली. ताईचा हात चित्रावरच राहिला. चर्चमध्ये नुसतं एक तान्हं मूल कुरकुरत होतं.

टक झालं नाही.

मुलांनी पुन्हा गायलं. या वेळी मोठ्याने, काका झोपले असतील तर जागे व्हावेत अशा आवाजात. मोठ्या माणसांनी माना खाली घातल्या. शेवटच्या बाकावर काकूंच्या हाताची घडी सुटली होती आणि बोटांनी पुढच्या बाकाची कड धरली होती.

ठिणगी मागे वळली. सगळ्या माणसांच्या डोक्यांवरून तिने थेट काकूंकडे बघितलं.

"काकू, खिळे काढा."

कुणीतरी "शू" केलं.

"त्यांनीच मारलेत!" ठिणगी म्हणाली. "मग त्यांनीच काढायचे!"

काकू उठल्या. मधल्या वाटेने त्या अशा चालत आल्या, की पाळक नकळत एक पाऊल मागे सरले. व्यासपीठामागची हातोडी त्यांनी उचलली. तिच्या फाट्यात सरळ खिळ्याचं डोकं धरलं आणि ओढलं. खिळा किंचाळला. दुसरा, तो वाकडा, निघता निघेना. त्यांनी धोंडीला गुडघा लावला, दात आवळले आणि सगळ्या हिवाळ्याचा जोर लावून ओढला. तो उडून टणकन फरशीवर पडला.

"हं. काढले," काकू धापा टाकत म्हणाल्या. "आता बोल. कोण लोटणार आहे? बोल ना."

पण ठिणगी जागेवर नव्हती. कबरेच्या मागे बिजागरी कुरकुरली. आत काहीतरी धडपडलं. "आई गं," असा बारीक आवाज आला. आणि मग, टक.

धोंड खाचेतून घरंगळत गेली आणि शेवटच्या ठोकळ्याला धडकून थांबली. निळं टरफल अजून तिला चिकटलेलं होतं. उघड्या तोंडात ठिणगी वाकून उभी होती. केसांत कोळिष्टकं, कपाळाला धूळ, एक हात मागे.

"आत कोणी नाहीये," तिने सगळ्यांना सांगितलं. आवाजात अजून तक्रार होती. "मी नीट बघितलं. काका नाहीयेत."

काकूंच्या हातातली हातोडी खाली आली. "काका आत असतात, हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? ते खोकायचे."

"घोरायचे पण," दुसरा एक मुलगा म्हणाला.

"गोळी चघळायचे. कागद वाजायचा," तिसरी म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत कधी ते?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ठिणगीनेच उत्तर दिलं. "तुम्हाला वाटायचं ना, आम्हाला कळत नाही म्हणून. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

कुणीतरी हसलं, आणि हसताना नाक ओढलं.

"आणि हे होतं आत." ठिणगीने मागचा हात पुढे केला. "बसायच्या फळीवर. असंच घडी करून ठेवलेलं."

तपकिरी लोकर. जाड. गळ्यापर्यंत बंद.

काकूंनी तो हातात घेतला. बाह्या आत, कडा जुळवून, चौकोनी घडी. ज्या माणसाने जन्मात आपल्या रुमालाचीही घडी घातली नाही, त्याने घातलेली. पाळकांच्या हातातलं पुस्तक उघडंच होतं, रिकाम्या कबरेत येशूच्या डोक्याचा रुमाल घडी करून ठेवलेला सापडतो, त्या वचनापाशी. त्यांनी पानाकडे बघितलं, मग त्या घडीकडे, आणि पुस्तक मिटलं.

"इथे होय!" काकू कबरेच्या रिकाम्या तोंडात वाकून ओरडल्या. "इथे ठेवला होता होय! अख्खं घर पालथं घातलं मी! कपाटं रिकामी केली! तोंडाने सांगता येत नव्हतं?"

मागची फळी उघडी राहिली होती. तिच्यातून उजेड आरपार येत होता, आणि भुशाचा वास.

काकू सरळ झाल्या. स्वेटर त्यांनी उलगडला नाही. घडी तशीच छातीशी धरली, आणि मुलांकडे वळून डोळे वटारले.

"बघताय काय माझ्याकडे? धोंड सरकली ना? मग पुढची ओळ कोण म्हणणार, तुमचा बाप?"

आणि त्यांनीच सुरू केली. सूर भलताच वर लागला होता, फाटत होता, पण त्यांनी तो खाली आणला नाही. दुसऱ्या ओळीला मुलांनी तो झेलला. तिसऱ्या ओळीला काकूंचे डोळे मिटलेले होते.

एवढीच गोष्ट. आता उठून घरी जाल, तेव्हा एक करा. पुढच्या ईस्टरला तुमच्याही समोर कुठे धोंड सरकेल, उजेड पडेल, मुलं टाळ्या वाजवतील. वाजवू द्या. तुम्ही मात्र त्या सुताराची आठवण ठेवा, जो खुंटीवर हात ठेवून अंधारात बसून असे आणि खोकला दाबत असे.