पाहुणे आले की मी दाराआड

मित्रांनो, चार पाय असूनही स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही असा मी एक जुना वॉकर आहे. कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवलं, पायांना रबरी टोप्या घातल्या आणि एका फोटोग्राफरच्या आईसाठी मी या घरात आलो. तिला मी आजी म्हणतो. तिचे गुडघे कुरकुरायचे. "चल रे बाबा," म्हणत ती मला घरभर फिरवायची आणि मी फुशारून जायचो.

पुढे फोटोग्राफरने घरातल्याच बाहेरच्या खोलीत स्टुडिओ थाटला. उद्घाटनाला बरीच माणसं येणार होती. त्याची नजर माझ्यावर पडली आणि कपाळाला आठी आली. "आई, हे दवाखान्यासारखं दिसतं. आजचा दिवस आत राहू दे," तो म्हणाला.

आजीला खुर्चीत बसवून मला दाराआड ठेवलं. फटीतून मी सगळं पाहत होतो. सरबत आलं, पाणी आलं, आजी प्रत्येक वेळी हसून म्हणाली, "नको, आत्ताच झालं." मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यातच काहीतरी ओंगळ असणार, म्हणून आपल्याला लपवलं, असं मला वाटलं. त्या दिवसानंतर आजीने मला हातच लावला नाही. ती भिंतीला धरून चालू लागली आणि मी तिथेच धूळ खात राहिलो.

काही वर्षांनी एकदा दिवा टांगताना फोटोग्राफर स्टुलावरून पडला. डावा घोटा मोडला आणि उजवं मनगटही. गडी हौशी, त्याने दुकानातून चकचकीत कुबड्या मागवल्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्या बाजूला ठेवायला लावल्या. कुबड्यांचा भार तळहातांवर येतो, मोडलेलं मनगट तो कसा पेलणार? नुसत्या काठीने घोट्यावरचा भार हटत नाही, आणि चाकाची खुर्ची या घराच्या बोळातून वळत नाही. त्यांनी त्याला नीट समजावलं, की वॉकरला कोपरापासून हात टेकवायची गादी बसवली तर भार मनगटावर येणार नाही. घरात वॉकर आहे का, असं त्यांनी विचारलं. त्याच्या बायकोने मला पुसून आणलं. फोटोग्राफर माझ्याकडे बघेना. मीही अंग चोरून उभा राहिलो.

माझ्यावर गादी बसली आणि आठवडाभर त्याने मला धरून चालण्याचा सराव केला. मग त्याचे दोन मित्र भेटायला आले. दारावरची बेल वाजताच तो सवयीने बायकोला म्हणाला, "तो आत ने." मी पुन्हा दाराआड.

गप्पा रंगल्या. चहा आला, त्याने नको म्हटलं. पाणी आलं, तेही नको. मित्र काही उठायचं नाव घेईनात. तो खुर्चीत चुळबुळ करू लागला, चेहरा उतरला. शेजारी बसलेली आजी बराच वेळ बघत होती. मित्र आपापसांत बोलत असताना ती त्याच्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "मीही तुझ्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. मध्येच उठायची वेळ येऊ नये म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याची मान खाली गेली ती वर येईना. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं मी जी लाज वागवली ती माझी नव्हतीच.

मग त्याने मित्रांदेखत बायकोला हाक मारून मला मागवलं. ठक्, ठक् करत आम्ही खोलीच्या मधून न्हाणीघराकडे गेलो. त्याचे कान लाल झाले होते. परत येताना तो आजीपुढे थांबला. बायकोला म्हणाला, "आधी आईला पाणी दे."

आता आजीसाठी नवा वॉकर आला आहे आणि आम्ही दोघं वॉकर बाहेरच्या खोलीत उभे असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू असे. मित्रांनो, तुमच्या घरी पाहुणे आले आणि आजी पाणी नको म्हणाली, तर तिचा वॉकर कुठे आहे ते आधी पाहा.