सात डिसेंबरचा कागद

शर्फुद्दीन परकारचं पत्र मला कराचीहून १९९३ च्या एप्रिलमध्ये आलं आणि सहा वर्षं मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र मराठीत होतं. परकार मूळचा दाभोळचा. मुंबईत कॉलेजात आम्ही वनस्पतिशास्त्राच्या वर्गात एका बाकावर बसत असू. माझं अक्षर वाईट, म्हणून माझी प्रयोगवही तो लिही. त्याला आकृत्या जमत नसत, म्हणून त्याच्या मी काढी. फाळणीनंतर दोन वर्षांनी त्याचा मामा त्याला कराचीला घेऊन गेला. मी लखनऊच्या वनस्पती संशोधन संस्थेत नोकरीला आलो आणि इथलाच झालो. पुढे दोघांनीही जन्मभर गवतांचाच अभ्यास केला. मला एखादं गवत मिळालं की मी त्याला पाठवायचं, त्याला मिळालं की त्याने मला. सोबत चार ओळींचं पत्र. तीस वर्षं हे चाललं. त्यात दोन युद्धं झाली, तेव्हा काही काळ थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

गवत वाळवायचं ते वर्तमानपत्राच्या घडीत घालून, लाकडी दाबाखाली. पहिले आठ-दहा दिवस रोज ओलसर कागद काढायचा आणि कोरडा घालायचा. एकदा वाळलं की मात्र शक्यतो हलवायचं नाही, तुरा झडतो. म्हणून दुसऱ्याला पाठवताना ते त्याच कागदासकट जातं. कागदावर काय छापलंय ते कोणी पाहत नाही. आमच्या संस्थेत बैरुतहून, बेलग्रेडहून, कोलंबोहून गवतं येत. आम्ही पेऱ्यांवरची लव मोजायचो. भोवतीच्या लिप्या आम्हाला वाचता येत नव्हत्या आणि येत असत्या तरी वाचल्या नसत्या.

१९९२ च्या नोव्हेंबरअखेर गोमतीच्या काठी मला एक गवत सापडलं. परकार ते बरीच वर्षं मागत होता. मी निवृत्त झालो होतो, पण घरी दाब होता. सहा डिसेंबरला अयोध्येतली मशीद पाडली गेली. लखनऊच्या काही भागांत कर्फ्यू लागला. घरातली रद्दी संपत आली होती आणि बाहेर जायची सोय नव्हती. तेव्हा मी सात तारखेचा, त्याच सकाळी आलेला हिंदी पेपर घेतला आणि गवत त्यात घातलं. पहिल्या पानावर घुमटावर चढलेल्या माणसांचा फोटो होता. वर मोठ्या अक्षरांत आनंदाचा मथळा होता. गवत वाळत आलं होतं, त्यामुळे तो शेवटचाच कागद ठरला. फेब्रुवारीत मी पार्सल बांधलं.

परकारने लिहिलं होतं:

'हणमंता, गवत उत्तम पोचलं. तुरा शाबूत आहे. कागदही वाचला. देवनागरी अजून विसरलो नाही. तुमच्याकडे ते झालं, त्यानंतर आमच्या गल्लीमागचं देऊळ इथल्या लोकांनी पाडलं. मी गच्चीवरून बघितलं, खाली उतरलो नाही. त्या आठवड्यात माझ्याकडेही गवत दाबात होतं, इथल्या उर्दू पेपरात. तुझ्यासाठी बांधताना मी तो कागद बदलला. थोडा तुरा झडला, माफ कर. तू कागद बदलला नाहीस. मुद्दाम, की लक्षात आलं नाही, एवढंच कळव. काहीही असलं तरी चालेल, पण कळव.'

लक्षात आलं नाही, असं लिहून मोकळं होता आलं असतं. तसा पहिला मसुदा मी लिहिलाही. पण ते खरं नव्हतं. कागदाला मधोमध चुणी पडली होती. चुणीचा वळ पात्यावर उठतो, म्हणून मी ती तळहाताने दाबून सपाट केल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. चुणी फोटोवरूनच गेली होती. फोटो मी पाहिला होता, मथळा वाचला होता. त्या वेळी मनात आलं ते एवढंच, की शाई ताजी आहे, डाग पडेल.

हे कसं लिहावं ते मला कळेना. मग मी ठरवलं की उत्तर नुसतं नको, त्याबरोबर एखादं चांगलं गवत पाठवू, आणि या वेळी ते चांगल्या कागदात घालू. म्हणजे ज्यावर त्या दिवशी कुठे कोणी कोणाला मारल्याची बातमी नाही, अशा. मी रोज सकाळी पेपर त्या नजरेने बघायला लागलो. बोस्निया, रवांडा, काश्मीर, श्रीलंका. आतली पानं बघितली तर तिथे जवळपासच्या बातम्या, कमी माणसं मेल्याच्या. एकदा संस्थेत जाऊन मी जुने गठ्ठे सोडले. बैरुतच्या कागदावर अर्धी पडलेली इमारत होती. कोलंबोच्या कागदावर जळालेली दुकानं. ज्यांनी ही गवतं पाठवली त्यांना मी ओळखत होतो. त्यांच्या घरी काय चाललंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. गठ्ठे पुन्हा बांधून मी घरी आलो. उत्तर राहिलं. दर वर्षी एक-दोन मसुदे होत, आणि ते मी खणात ठेवत असे.

१९९९ च्या जूनमध्ये माझी मुलगी देवयानी छावणीतलं घर बंद करून लखनऊत अलीगंजला माझ्याकडे राहायला आली. तिचा नवरा विक्रम तोफखान्यात मेजर आहे. त्याची पलटण कारगिलला गेली होती. छावणीत घरोघरी दिवसभर टीव्ही चालू असे, आणि कोणाच्या दारात फौजी गाडी थांबली की सगळ्या बायका खिडकीत येत. ते तिला सहन होईना.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ती लिहायला कागद शोधत होती. खण उघडून तिने गठ्ठाच बाहेर काढला.

"बाबा, हे परकार कोण? अकरा वेळा 'प्रिय' लिहिलंय. आईला माहीत होतं का?"

सरला जाऊन चार वर्षं झाली होती. "माहीत होतं," मी म्हटलं. "कॉलेजातला मित्र. कराचीला असतो."

"कुठे?"

मी पुन्हा सांगितलं नाही. तिने ऐकलं होतं.

"विक्रम तिकडे डोंगरात बसलाय आणि तुम्ही कराचीला पत्रं लिहिताय? आत्ता?"

"आत्ता नाही. सहा वर्षं लिहितोय."

"अच्छा! म्हणजे जुनी सवय आहे."

मी परकारचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"मग? मुद्दाम?"

"नाही गं."

"मग लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. फोटो दिसला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. हा वाचेल हेही सुचलं नाही. मी गवताकडे बघत होतो."

"मग हेच लिहा ना."

"हे कसं लिहिणार?"

"जसं मला सांगितलंत तसं. बाबा, तुम्ही एका गवताच्या तुऱ्यावर चाळीस पानं लिहिलीत. इथे चार ओळी होत नाहीत तुमच्याच्याने?"

मी तिला कागदाचं सांगितलं. सांगतानाच मला ते वेडगळ वाटायला लागलं. "चांगला कागद मिळाला की पाठवणार होतो," मी म्हटलं.

"कोरा कागद दुकानात मिळतो."

"तसा नाही. एक दिवस तरी कुठे काही झालं नाही, असा."

तिने टीपॉयवरचा त्या दिवशीचा पेपर उचलला. पहिल्या पानावर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्यांची रांग होती. तिने तो पालथा ठेवला आणि वर हात ठेवून बसली.

"विक्रमचं शेवटचं पत्र येऊन सतरा दिवस झाले," ती म्हणाली. "पहिले आठ दिवस मी म्हणत होते, डाक अडकली असेल. मग वाटायला लागलं, माझ्या पत्रातलं काहीतरी त्याला लागलं असेल. मी पडद्यांवरून भांडले होते. पडद्यांवरून, बाबा! रात्रंदिवस तेच पत्र डोक्यात. सतरा दिवसांत माझं हे झालंय. त्या माणसाला सहा वर्षं झाली. त्याने काय काय ठरवलं असेल?"

"मी मेलो असं समजला असेल."

"आणि ते तुम्हाला बरं वाटतं. तुम्ही ते मुद्दाम केलंत असं समजण्यापेक्षा." ती उठली. "भित्रे आहात तुम्ही."

ते खरंच होतं.

दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. "आणि मी काही फार मोठ्या मनाची नाही, हे लक्षात ठेवा. मला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नाही. उद्या विक्रमला काही झालं ना, तर तुमचं हे पत्र मी माझ्या हाताने फाडीन, आणि तुम्ही मला अडवणार नाही. म्हणून आजच लिहा. माझ्या मनात हो आहे तोवर."

मी लिहायला बसलो. तिनेच आपल्या पॅडमधलं एक पान फाडून दिलं. या वेळी खाडाखोड केली नाही, कारण दुसरं पान मागायची हिंमत नव्हती.

'प्रिय परकार, मुद्दाम नव्हतं. पण लक्षात आलं नाही, असंही नाही. फोटो मी पाहिला होता आणि त्यावरची चुणी हाताने सारखी केली होती. मला तेव्हा फक्त डागाची काळजी वाटली. मशिदीचं काही वाटलं नाही, तुझंही काही वाटलं नाही. याचं मला नंतर वाईट वाटलं, ते तुझं पत्र आल्यावर. तू गच्चीवरून खाली उतरला नाहीस असं लिहिलंस. मी तर गच्चीवरही गेलो नाही. सहा वर्षं उत्तर दिलं नाही त्याला कारण भीती, दुसरं काही नाही. माझा जावई सध्या कारगिलला आहे. तुझ्याकडे कोण कुठे आहे ते मला माहीत नाही, कधी विचारलं नाही. आता विचारतो. घरातली सगळी माणसं कशी आहेत? हणमंत.'

मी ते तिला वाचायला दिलं. जावयाच्या ओळीवर ती थांबली. वाटलं, ही ओळ खोड म्हणेल. तिने पान घडी करून माझ्या हातात दिलं.

"पाच वाजता खिडकी बंद होते," ती म्हणाली.

अलीगंजच्या पोस्टात माझ्यापुढे तिघे होते आणि मागे बरेच. मला खिडकीशी मोठ्याने बोलायचं नेहमीच जड जातं. मी पाकीट आत सरकवलं आणि हळूच म्हटलं, "रजिस्ट्री."

बाबूने पत्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कराची? बाबूजी, उधर से गोले आ रहे हैं और आप चिट्ठी भेज रहे हैं?"

मागे कोणीतरी हसलं. कोणीतरी विचारलं, "कौन है वहाँ आपका?"

माझे कान तापले. "दोस्त है," मी म्हटलं. "पुराना जवाब बाक़ी है."

"कितना पुराना?"

"छह साल."

"छह साल रुके तो लड़ाई ख़त्म होने तक और रुक जाते," बाबू म्हणाला. पण बोलता बोलता त्याने पावतीपुस्तक ओढलं होतं. "पहुँचेगी, नहीं पहुँचेगी, हमारी गारंटी नहीं."

"ठीक है भैया. आज ही जानी चाहिए."

त्याने तिकिटं लावली, पाकिटाच्या मागे माझं नाव-पत्ता आहे की नाही ते उलटून पाहिलं, दोनदा शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.