न वाचता दिलेला ‘छान’

मित्रांनो, मी टायपिंग क्लासमधला एक जुना टाइपरायटर आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या, सगळा क्लास जिला वहिनी म्हणायचा तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती: मिनिटाला तीस शब्द. तेवढे जमले की कचेरीतली ही शिपाई कारकून होणार होती. फायली वाहायच्या सोडून उघडणार होती. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती.

कारखान्यातून आलो तेव्हा मी काळा कुळकुळीत होतो. क्लास चालवणाऱ्या सरांनी तीस वर्षं मला रोज ब्रशने झाडलं, थेंब थेंब तेल पाजलं. माझ्यावर शिकून कितीतरी जण साहेब झाले. पुन्हा फिरकलं कुणी नाही, पण ते असो.

त्या वर्षी सरांचं काहीतरी बिनसलं होतं. तेलाचा थेंब माझ्या शाईच्या फितीवर पडायचा. उगाच चिडायचे, आणि प्रत्येक कागदावर न चुकता ‘छान’ लिहायचे. बाकीचे खूश. वहिनी मात्र कचेरीचं पाणी प्यायलेली. फुकटची स्तुती तिला पचेना. एके दिवशी तिने धड्याऐवजी टाइप केलं: ‘सर, तुम्ही हे वाचत नाही.’

शेरा आला: छान.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. “सर, आज मी काय टाइप केलं?”

“धडा. दुसरं काय?”

तिने वाचून दाखवलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“दिसत नाही गं. वर्ष झालं. कळलं तर कोण येईल इथं? तू पलीकडच्या क्लासला जा.”

“आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करू? तुमचे कान शाबूत आहेत ना?”

“कानांचं काय?”

“परवा पाठमोरे उभे होतात आणि म्हणालात, करंगळी चोरतेस. चोरतच होते मी.”

दुसऱ्या दिवसापासून सर डोळे मिटून माझ्याशेजारी बसू लागले. ठोका हलका पडला की बोट ओळखून म्हणायचे, “अनामिका झोपली.” वहिनी आपला कागद मोठ्याने वाचून आपल्याच चुका खोडायची. पण तिने एक अट घातली: “बाकीच्यांनाही सांगा, सर. परीक्षा त्यांचीही आहे.”

सरांनी सांगितलं. बाकीच्या नऊपैकी पाच जण परत आले नाहीत.

परीक्षेला वहिनीने मला चादरीत गुंडाळून स्वतः उचलून नेलं. मिनिटाला बत्तीस शब्द टाइप करून पास झाली. आता दर रविवारी येते, मला पुसते, तेल घालते. उरलेले चौघे पुढच्या परीक्षेसाठी ठोकत असतात, सर ऐकत असतात. मी सर आणि वहिनी, दोघांचाही ऋणी आहे. मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला अडगळीत टाकण्याआधी त्याचं अजून काय चालतंय, तेवढं बघत जा.

आणि हिशेबच विचाराल, तर वहिनीला पद मिळालं, मला आपलं माणूस मिळालं. किंमत मोजली सरांनी: पाच विद्यार्थी. ते म्हणतात, स्वस्तात सुटलो.