लहान पुलांची नावं

"ताईसाहेब, निवडून आलात की या खड्ड्याला माझं नाव द्या. तेवढं स्मारक पुरे आपल्याला."

थोरलीच्या पहिल्या निवडणुकीतला हा आवाज, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. तेव्हा तिच्याकडे गाडी नव्हती. तो पहाटे दुकानादुकानांत पाव पोचवायचा आणि मग रिकाम्या गाडीतून तिला गावोगाव प्रचाराला न्यायचा. तिच्या पत्रकांना पावाचा वास यायचा. मतं त्या वासालाच पडली, असं तो पुढे सांगत फिरायचा. हॉर्नच्या आधी त्याचा आवाज पोचायचा, म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणत.

भोंगा जाऊन आता वर्ष उलटलं होतं. अंधार फिटायच्या आत ओढ्यावरचा एक लहान पूल त्याच्या गाडीखाली खचला. पाव दुपारपर्यंत पाण्यावर तरंगत होते, असं बघणारे सांगत.

थोरली विधिमंडळाच्या रस्ते आणि वाहतूक समितीची अध्यक्ष होती. अधिवेशनाआधी समिती बसायची आणि कोणतं काम आधी, कोणतं मागाहून, निधी कुठे आणि किती, याचा क्रम लावायची. तोच क्रम पुढे विधेयकात जायचा. मोठ्या कामांना नावं होती. उड्डाणपूल, बाह्यवळण रस्ता, नवं बसस्थानक. प्रत्येकामागे एकेक आमदार उभा, पोराला शाळेत घालायला आलेल्या बापासारखा. लहान पुलांना असं कुणी नव्हतं. ते सगळे मिळून शेवटची एक ओळ व्हायचे, 'इतर दुरुस्ती'. बेरीज हाताबाहेर गेली की पेन्सिल आपसूक त्या ओळीकडे वळायची. समितीचे सचिव कितीतरी अध्यक्ष पाहिलेले गृहस्थ. ते म्हणायचे, इतर म्हणजे गुणी पाहुणा, ताटावरून उठवला तरी रागवत नाही.

भोंगा गेला त्याच्या आदल्या बैठकीत उड्डाणपुलाला निधी कमी पडत होता. सचिव नेहमीचं बोलले, सगळे हसले, थोरलीही हसली आणि तिने पेन्सिल फिरवली. भोंग्याचा पूल त्याच ओळीत होता. तेव्हा तिला ते कळायला मार्ग नव्हता. त्या ओळीत नावं नसतच.

अंत्यविधीला लोक म्हणाले, वेळ आली की कुणाचं काही चालत नाही. थोरलीने मान हलवली. ते मान हलवणं तिला अजून दुखत होतं.

तेव्हापासून धाकटी तिच्याकडेच राहायला होती. लहानपणी एका कंगव्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोघी आता परक्यांसारख्या वागत. तू आधी घे. नको, तुझं होऊ दे. धाकटी दुपारी कपड्यांना इस्त्री करत बसायची, थोरलीचेही कपडे करायची, आणि पलीकडे कुणी नाही असं वाटलं की हलक्या आवाजात म्हणायची,

वाटेला वाट फुटे, वाट किती गं लांबली,
गेलेल्याची गाडी बाई, कोण्या वळणी थांबली.

पलीकडच्या खोलीत थोरली फायलीत डोकं घालून ऐकायची. उठावं, तिच्याजवळ जाऊन बसावं, सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. मग इस्त्रीचा वास येणं बंद व्हायचं आणि तेही राहून जायचं.

यंदाची बैठक तोंडावर आली तेव्हा थोरलीने खात्याकडून प्रत्येक लहान पुलाची माहिती मागवली. नुसते क्रमांक आले. तिने ते परत पाठवले आणि कळवलं, लोक त्या पुलाला काय म्हणतात तेही लिहा. खात्यात बरीच थट्टा झाली म्हणे. बाईंना आता पुलांची बारशी करायची आहेत.

बैठकीत तिने सचिवांना ती नावं मोठ्याने वाचायला सांगितली. शहरातल्या एका आमदारांनी घड्याळाकडे पाहिलं. बाह्यवळण रस्ता त्यांचा, पक्षाचाही लाडका. ते म्हणाले, वाचा, करमणूक होईल. सचिवांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

खोकल्या पूल. सासूचा पूल. भांडणाची मोरी. शाळेमागचा. वाकडा. सासूच्या पुलाला सगळे हसले, कुणीतरी विचारलं, त्याला दुरुस्ती लागू पडेल का. सचिव वाचत राहिले. हळूहळू कुणी ना कुणी ओळखू लागलं. कोपऱ्यातल्या एक वयस्क सदस्य बाई म्हणाल्या, वाकड्यावरून मी माहेरी जायचे, अजून तसाच आहे का तो? मग हसणं ओसरलं. खोलीत नुसती नावं ऐकू येत होती.

थोरली एका नावाची वाट बघत होती. ते आलंच नाही.

वाचन संपल्यावर तिने हलकेच विचारलं, ओढ्यावरचा? सचिवांनी कागद उलटसुलट केले. ते म्हणाले, "बाई, तो पडलाय. पडलेला दुरुस्तीत येत नाही."

त्यावर तिने पेन्सिल उचलली. मग तिने बाह्यवळण रस्ता खाली ढकलला आणि दुरुस्तीची ओळ, एकेका पुलाच्या नावासकट, वर घेतली. शहरातले आमदार तापले. पुढच्या वर्षी ही खुर्ची तुमची नसेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मतं मोजली गेली. अगदी निसटत्या फरकाने, पण दुरुस्ती वरच राहिली.

ती घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. धाकटी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. थोरलीने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, उभ्या उभ्याच सांगितलं. पुलांची नावं सांगितली, सासूच्या पुलाचा विनोद सांगितला, तो सांगताना आपणच थोडी हसली. भराभर बोलत गेली, तापात बोलावं तशी. आणि शेवटी म्हणाली, यंदा इतरला कात्री लागली नाही.

धाकटीने देठ मोडला.

"यंदा," ती म्हणाली.

थोरली खुर्ची ओढून बसली. धाकटीने भाजी बाजूला सारली आणि बोटं पदराला पुसली.

"मला माहीत होतं, ताई. तुझे सचिव भेटायला आले होते, तो गेला त्याच आठवड्यात. बिचारे रडायला लागले आणि बोलून गेले. तू त्या वेळी आत, आलेल्यांना चहा देत होतीस."

थोरलीने डोळे मिटले.

"मी इथे राहायला का आले, ठाऊक आहे? तुझा राग करायला. लांबून राग नीट करता येत नाही. रोज ठरवायचे, आज बोलते हिला. आणि रोज तुझं ताट तसंच उरलेलं दिसायचं, मग बोलणं उद्यावर जायचं."

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. दोघीही तिचा आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

"तू त्याला मारलंस असं मी कधी म्हणणार नाही," धाकटी म्हणाली. "पण त्याचा पूल तू खोडलास. हसत खोडलास. ते मी विसरणार नाही. आणि मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही, ताई. हेच मला वर्षभर सोसत नाहीये."